तीन अक्षरांचा कंस

ऑफिसात तिला कंसमर्दिनी म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी, आणि त्यात कौतुक जास्त की चेष्टा जास्त, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नव्हतं. काम होतं स्पॅनिशमधले वैद्यकीय कागद इंग्रजीत आणायचं. परदेशात आजारी पडलेली, तिथंच पोट उघडून शिवून घेतलेली माणसं परत आली की फायली घेऊन यायची, कारण इथल्या डॉक्टरांना इंग्रजी चालायचं, स्पॅनिश चालायचं नाही. आणि स्पॅनिश डॉक्टर म्हणजे शब्द पुरा लिहिला तर कुणी दंड करील अशा धास्तीनं लिहिणारी जमात! सगळा कारभार आद्याक्षरांचा. रुग्णाला कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही, एवढं सांगायला चार अक्षरं. तब्येत एकंदरीत बरी दिसते, याला तीन. एकाच्या जागी दोन वस्तू असल्या की अक्षरं दुप्पट, म्हणजे दोन्ही पाय दुखत असले तर ई-ई-आय-आय. ज्या अक्षरांचा अर्थ लागत नाही ती भाषांतरात तशीच चौकोनी कंसात ठेवायची आणि खाली टीप द्यायची की अर्थ स्पष्ट नाही, असा या धंद्याचा नियम. बाकीचे लोक असे कंस सढळ हातानं टाकायचे. हिच्या कागदात कंस सापडत नसे. जुन्या फायली उपसायची, परक्या देशातल्या दवाखान्यांना ईमेल धाडायची, जेवणाचा डबा उघडा तसाच पडून राहायचा, पण कंस मारल्याशिवाय बाई उठायची नाही.

आज तिनं एक कंस टाकला होता, आणि तोही अर्थ लख्ख माहीत असताना.

फाइल घरची होती. नवऱ्याच्या थोरल्या भावाची. भाऊजींनी लग्नाच्या भानगडीत न पडता उमेदीची सगळी वर्षं दूरच्या एका स्पॅनिश बोलणाऱ्या बंदरात, शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. आता ते परत आले होते ते अर्धे होऊन. पोटात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. पण तिथं परक्या ठिकाणी, परक्या माणसांत काय उपचार होणार, इथं मोठे डॉक्टर आहेत, आई आहे, इथं गुण येईल, अशी सगळ्यांनी मनाची समजूत घातली होती. नवऱ्यानं ओळखी काढून मोठ्या हॉस्पिटलात परवाची वेळ घेतली होती. त्याआधी फाइल इंग्रजीत हवी होती. भाऊजींनी पाकीट सगळ्यांसमोर तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, हे तूच कर. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

मास्तरीणबाई हे नाव त्यांचंच. तिचं स्पॅनिश पुस्तकातलं, इस्त्रीच्या घडीतलं. त्यांचं गोदीवरचं, शिव्यांसकट शिकलेलं. सुट्टीवर आले की ते मुद्दाम तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायचे, ती त्यांच्या क्रियापदांची रूपं सुधारायची, ते तिच्या सभ्यपणाला हसायचे. नवरा म्हणायचा, "झालं यांचं सुरू." सासूबाई म्हणायच्या, "बोलू दे, त्याला तिकडं कोण आहे बोलायला?" या घरात दीर-भावजयीची अशी एक खोली होती, जिच्यात तिसऱ्या कुणाला शिरता यायचं नाही.

तर फाइलचं शेवटचं पान. डॉक्टरांच्या सहीच्या जरा वर तीन अक्षरं होती, एल-ई-टी, आणि त्यांच्यापुढं लिहिलं होतं, रुग्णाशी बोलून, त्याच्या संमतीनं. या तीन अक्षरांचा अर्थ असा, की उपचारांचे प्रयत्न आता मर्यादित ठेवायचे. साध्या भाषेत सांगायचं तर गाठीच्या मागं लागणं बंद. केमो नाही, ऑपरेशन नाही, नळ्या नाहीत. दुखू नये एवढं बघायचं आणि माणसाला शांतपणे राहू द्यायचं. म्हणजे भाऊजी तिथंच 'पुरे' म्हणून आले होते. आणि घरात कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिला आधी रागच आला. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. सकाळभर हे असंच चाललं होतं. खुर्चीवर बूड टेकलं की दोन मिनिटांत उठावंसं वाटायचं. उठलं की कशासाठी उठले ते आठवायचं नाही. एकदा ती कपाट उघडून नुसती उभी राहिली. शेजारच्या खोलीत सासूबाई भावाच्या बायकोला फोनवर सांगत होत्या, "अगं, परवा दाखवायचंय. ते डॉक्टर फार मोठे आहेत म्हणे. ते हात घालतील ना, तर होईल सगळं नीट." एवढ्या आशेनं बोलणाऱ्या बाईच्या घरात बसून ती अक्षरं सोडवायची म्हणजे हिनं स्वतःच्या हातानं दिवा विझवायचा. तेही कुणी सांगितलेलं नसताना!

आणि खरं सांगायचं तर सासूबाई हे निम्मंच कारण होतं. भाऊजी जावेत असं तिलाही वाटत नव्हतं. तिनं हिशेब मांडला की इथल्या डॉक्टरांना हे कळलंच नाही तर ते प्रयत्न करतील. करून तर बघतील. एकदा उपचार सुरू झाले की भाऊजी नाही म्हणणार नाहीत, आईसमोर तर नाहीच नाही. त्यांचा भिडस्त स्वभाव तिला पाठ होता. तिनं एल-ई-टीभोवती चौकोनी कंस टाकला, खाली टीप लिहिली, अर्थ स्पष्ट नाही, आणि लॅपटॉप फटकन मिटला. त्यानंतर तर तिला घरात बसवेनाच. भाऊजी खिडकीपाशी डोळे मिटून पडले होते. त्यांच्याकडे न बघताच तिनं चपला घातल्या.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालचं मशीन चाललं की वरची टेबलं थरथरायची. मॅडम प्रत्येक कागद स्वतः वाचून मगच शिक्का मारायच्या. स्पॅनिश त्यांना येत नसे, पण अडलेला कागद त्यांना वासानं कळायचा. त्यांनी पानं उलटली, शेवटच्या पानाशी थांबल्या, आणि चष्म्यावरून हिच्याकडे बघितलं.

"काय गं, तब्येत बरी आहे ना?"

"का?"

"तुझ्या कागदात कंस आहे."

"अर्थ नाही लागला," ती म्हणाली आणि उगीचच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"तुला नाही लागला?" मॅडमनी ते वाक्य पुन्हा वाचलं. "आणि हे बघ, पुढं लिहिलंय रुग्णाच्या संमतीनं. संमती आहे ती कंसाच्या बाहेर, आणि कशाला आहे ते कंसाच्या आत. हे वाचून डॉक्टरनं काय करायचं, डोकं खाजवायचं? पेशंटला विचारलंस का?"

मॅडमच्या ऑफिसचा हा आणखी एक नियम होता. कंस टाकायचा तर आधी पेशंटला विचारायचं. कित्येकदा माणसाला स्वतःच्या दुखण्याची अक्षरं तोंडपाठ असतात आणि भाषांतरकार उगाच घाम गाळत बसतो.

"विचारलं," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"आठवत नाही म्हणाले."

मॅडमचं आयुष्य लोकांच्या थापा ऐकण्यात गेलं होतं. त्यांनी फाइलीला जोडलेल्या ऑफिसच्या फॉर्मवरचा पेशंटचा नंबर बघितला आणि फोन लावला. "घरचा माणूस आहे म्हणून सूट नाही हं," एवढं मात्र म्हणाल्या. फोन हिसकावून घ्यावा असं हिला वाटलं, पण असलं काही करायला वेगळं काळीज लागतं. खाली झेरॉक्सचं मशीन सुरू झालं आणि टेबल थरथरायला लागलं.

"नमस्कार. मी तुमच्या भावजयीच्या ऑफिसातून बोलतेय. नाही नाही, ती ठीक आहे. तुमच्या फाइलीत शेवटी तीन अक्षरं आहेत, एल-ई-टी. त्यांचा अर्थ तुम्हाला माहीत आहे का?" मग मॅडम बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. मग पुन्हा, जरा हलक्या आवाजात, "बरं. सांगते." फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"माहीत आहे म्हणाले. पण फोनवर नको म्हणाले. तिला घरी पाठवा, तिनं समोर येऊन विचारावं, असं म्हणाले." त्यांनी फाइल शिक्का न मारताच तिच्याकडे सरकवली. "जा. माझा शिक्का कुठं पळून जात नाही."

बसमध्ये जागा होती तरी ती उभी राहिली. काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होती. चुकून झालं म्हणावं? विसरले म्हणावं? कंसमर्दिनी विसरली, यावर कोण विश्वास ठेवणार! घराच्या एक थांबा आधीच उतरून ती चालायला लागली. लवकर पोचावं असंही वाटत होतं आणि रस्ता संपू नये असंही. वाटेत एका दुकानासमोर थांबून तिनं काचेतली कुलपं बघितली. घरात कुलूप कशालाच नको होतं.

घरात शिलाई मशीन चालू होतं. सासूबाई भाऊजींच्या पँटी कमरेत आत घेत बसल्या होत्या.

"बरी आलीस लवकर," त्या म्हणाल्या. "हे बघ, परवा घालायला एक तरी धड हवी ना त्याला. दाब भरपूर ठेवलाय आत. अंग भरलं की उसवायला बरं."

भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर चादर घेऊन. त्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. ती बसली. मशीनचा आवाज चालू होता.

"विचार," ते स्पॅनिशमध्ये म्हणाले.

"काय विचारू?"

"तुझ्या मॅडमनी काय विचारायला पाठवलंय तेच. ती तीन अक्षरं. तुला खरंच येत नाहीत?"

"येतात," ती म्हणाली.

"मग?"

"मला लिहायचं नाही ते."

आपल्या सुनेचं आणि लेकाचं नेहमीचं काहीतरी चाललंय, असं समजून सासूबाईंनी दोरा दातानं तोडला आणि दुसरी शिवण घेतली.

भाऊजी सावकाश बोलत होते. एरवीचं त्यांचं गोदीवरचं स्पॅनिश आज फार साधं झालं होतं. "त्या डॉक्टरनं मला दोनदा विचारलं. म्हणाला, घरच्यांशी बोल, मग सांग. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तुम्ही सगळे काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं. मी एकट्यानं ठरवलं. आयुष्यात कधी नव्हे ते एक काम मी भीड न धरता केलं, मास्तरीणबाई. आणि तू त्याच्याभोवती कुंपण घातलंस."

"मग इथं येऊन सांगायचंत की! आल्या दिवशीच सांगायचं होतं."

"आईच्या तोंडाकडे बघून शब्द फुटेना. रोज ठरवायचो. म्हटलं, तू लिहिशील, डॉक्टर वाचतील, ते आईला सांगतील. मोठ्या माणसाच्या तोंडून आलं की आईला पटेल. म्हणून तर पाकीट तुझ्या हातात दिलं."

आता मात्र तिचा बांध फुटला. पुस्तकी स्पॅनिशचं सगळं सौजन्य गळून पडलं. "म्हणजे माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली तुम्ही. सकाळपासून मी या घरात भुतासारखी फिरतेय. त्या बाईनं आत दाब ठेवलाय, ऐकलंत ना? तो दाब मी कसा कापू? मला विचारलंत तुम्ही? रुग्णाच्या संमतीनं म्हणे! माझी संमती कुणी घेतली?"

भाऊजींनी गुडघ्यांवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "चुकलंच माझं. पण ते जे मी तिथं ठरवलं, ते नाही चुकलेलं. परवा त्या डॉक्टरांनी सुया टोचायला सुरुवात केली तर मला नाही म्हणता येणार नाही. तू ओळखतेस मला. सगळ्यांचं मन राखत राखत मी नळ्या लावून मरेन. असं व्हायला हवंय का तुला?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं सकाळीच दिलं होतं, कंस टाकून, आणि ते कसलं उत्तर होतं हे आता तिच्यासमोर चादर घेऊन बसलं होतं. तिनं लॅपटॉप उघडला, मांडीवर ठेवला, कंस काढला, टीप काढली, आणि तीन अक्षरांच्या जागी चार इंग्रजी शब्द लिहिले. एक शब्द चुकला, तो पुन्हा लिहावा लागला. स्क्रीन तिनं त्यांच्याकडे वळवला. ते वाचून भाऊजींनी मान हलवली.

मशीन थांबलं.

"काय रे," सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर बसून माझ्या पाठीमागं बोलताय होय? इतका वेळ मी ऐकतेय. ती रडायला आलीय. काय चाललंय? मराठीत बोला."

भाऊजींनी आईकडे बघितलं. "आई," ते म्हणाले, आणि दातखीळ बसल्यासारखे थांबले. पुन्हा "आई" म्हणाले. ज्या भाषेत त्यांनी पहिला घास मागितला होता त्या भाषेत त्यांना हे सांगता येईना. त्यांनी भावजयीकडे बघितलं. "तू सांग तिला," ते स्पॅनिशमध्ये म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "हे माझं वाक्य नाही. तुम्ही बोला. जी भाषा जमते तिच्यात बोला, मी भाषांतर करते."

दुभाष्याच्या कामाचा एक नियम आहे. बोलणाऱ्याच्या 'मी'चा 'तो' करायचा नाही. तो 'मला' म्हणाला तर दुभाष्यानंही 'मला'च म्हणायचं. ती स्टूल सरकवून दोघांच्या मधोमध बसली. भाऊजी बोलायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग ती.

"आई, मला आता उपचार नकोत."

सासूबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग लेकाकडे.

"तिथं सगळं करून झालं. केमोनं गाठ हलली नाही, मीच हललो. मग डॉक्टरांनी विचारलं, आणखी करायचं का. मी नको म्हटलं. मीच म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही."

तिचा आवाज चिरकला. तरी तिनं 'ते म्हणतात' असं मध्ये घातलं नाही.

"तुला सांगायला हवं होतं. रोज सांगायचं ठरवलं. तू पँट आत घेत होतीस, मग कसं सांगू?"

सासूबाईंच्या हातात अजून ती पँट होती. रडारड होणार, त्या हिच्यावर नाहीतर देवावर तोंडसुख घेणार, अशी तिनं मनाची तयारी करून ठेवली होती. सासूबाईंनी तसलं काही केलं नाही. सुई टाचून ठेवली आणि हिला म्हणाल्या, "त्याला विचार, तिथं एकटा होता तेव्हा घाबरला होता का."

आता भाऊजींना मराठी कळत नव्हतं थोडंच. पण ते हिच्याकडे बघत थांबले, हिच्या तोंडून स्पॅनिश येण्याची वाट बघत. तिनं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं.

"हो. फार घाबरलो होतो," ती म्हणाली.

"दुखतं का, विचार."

"दुखतं. रात्री जास्त. तुला कळू नये म्हणून उशी तोंडावर धरतो."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "मग परवा जायचं नाही का त्या डॉक्टरांकडे? त्यांची वेळ घेतलीय."

"जायचं. दुखण्यावर औषध आणायला जायचं. बाकी कशाला नाही."

"बरं." त्या पँटची घडी घालायला लागल्या, ती नीट बसेना, उलगडून पुन्हा घालायला लागल्या. मग तीही तशीच मांडीवर टाकली. "त्याला विचार," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला, "मग मी काय करू? इतकी वर्षं तो लांब होता, मला काही करता आलं नाही. आता आलाय तर म्हणतो, काही नको. विचार त्याला, आईनं करायचं तरी काय?"

तिनं स्पॅनिश वाक्याला सुरुवात केली, पण ती अर्ध्यावरच थांबली. शब्द सगळे येत होते, बाहेर एकही पडेना. ती तशीच भाऊजींकडे बघत राहिली.

"काही करू नकोस गं, आई," भाऊजी मराठीत म्हणाले. "आल्यापासून बघतोय, सारखी उठतेस. इथं बस माझ्यापाशी."

सासूबाई मशीनवरून उठल्या. खुर्ची त्यांनी घेतली नाही, लेकाच्या पायाशी जमिनीवरच बसल्या.

"बसले," त्या म्हणाल्या.